मातृभाषा : इतर

पळस्प्याच्या फाट्यावर टमटम भरायची वाट बघत बसलेल्या मनिषा घरतने मोबाइलवर आलेलं पत्र तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर मोठ्याने म्हणाली, "मेल्यांनो!" शेजारी कोथिंबिरीचं गाठोडं घेऊन बसलेल्या आजीने दचकून पाय आत घेतले. "तुम्हाला नाही हो आजी," मनिषा म्हणाली, "या कागदवाल्यांना." आजीला ते पटलं. कागदवाल्यांना शिव्या घालायला पनवेल तालुक्यात कोणाची ना नसते.

पत्र एका मोठ्या कंपनीच्या समाजनिधीकडून आलं होतं. भाषा अगदी सोवळ्यातली. 'सदर निधी दोन भाषांतून शिक्षण देणाऱ्या शाळांसाठी आहे. आपल्या शाळेच्या पटावरील सर्व एकतीस विद्यार्थ्यांची मातृभाषा नोंदीनुसार मराठी असल्याने दुसऱ्या भाषेचा प्रश्न उद्भवत नाही. सबब अर्ज नामंजूर.'

सबब! कर्नाळ्याच्या पायथ्याशी मनिषाची शाळा असलेली सावरीची वाडी आहे, तिथे सकाळी आठ वाजता बोअरिंगवर जाऊन कोणीही उभं राहावं. बाया हंडे भरत एकमेकींशी जे बोलतात त्यातलं एक वाक्य सरळ समजलं तर मनिषा नाव बदलायला तयार होती. वाडी सगळी कातकऱ्यांची. त्यांची बोली ऐकायला मराठीच्या जवळची वाटते, पण धरायला जावं तर हातातून सुळकन निसटते. आणि हे कागदवाले म्हणतात, प्रश्न उद्भवत नाही!

पण खरी गोम पुढेच होती, आणि ती मनिषाला टमटममध्ये बसल्यावर आठवली. तिचं तोंडच उतरलं. ती नोंद केली होती कोणी? तिनेच. अकरा वर्षं, दर जूनमध्ये, संगणकावर एकेका मुलाचं नाव भरताना 'मातृभाषा' असा रकाना येई. त्यावर बोट ठेवलं की यादी उघडे, वरच मराठी, मग हिंदी, उर्दू, गुजराती, आणि पार तळाला, कोणी हाकलून दिल्यासारखं, 'इतर'. मनिषाने ती यादी कधी खाली सरकवलीच नाही. वरचंच दाबलं आणि पुढे गेली. आपलेच दात आणि आपलेच ओठ. शिव्या तरी कोणाला घालायच्या?

ती स्वतः आगऱ्यांची मुलगी. पनवेलच्या शाळेत पहिल्याच दिवशी "मी नाय केला" म्हणाली म्हणून बाईंनी हातावर पट्टी मारली होती. त्या दिवसापासून तिने 'आहे' आणि 'नाही' असे घोटून घेतले की घरी बाप म्हणायचा, "आली बघा आमची मडम." शिक्षिका झाल्यावर तिने वाडीतल्या पोरांवर पट्टी कधी उगारली नाही, याचा तिला मोठा अभिमान होता. पट्टी न मारताही पोरांना मुकं करता येतं, हे तिला या ऑगस्टपर्यंत कळलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये पहिलीची चाचणी होती. चित्र दाखवायचं, नाव विचारायचं. सहा वर्षांची शकू समोर बसली होती. जून, जुलै दोन्ही महिने ही पोरगी वर्गात एक अक्षर बोलली नव्हती. मनिषाने खेकड्याचं चित्र पुढे धरलं. शकू चित्राकडे बघते, बाईंकडे बघते, परत चित्राकडे. तोंड बंद. मनिषा कागदावर 'प्रतिसाद नाही' लिहायला लागली, तेवढ्यात दारातून बुधीचा आवाज आला.

बुधी वाघे म्हणजे शाळेत खिचडी शिजवणारी. वय तिशीचं, आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकलेली आणि जिभेने अशी तिखट की वीटभट्टीचा मुकादमसुद्धा तिच्याशी जपून बोले. हातात डाव घेऊन ती दारात उभी होती. तिने शकूला आपल्या बोलीत काहीतरी विचारलं. आणि त्या मुक्या पोरीने धबाधबा चार वाक्यं बोलून दाखवली!

"काय म्हणाली गं?" मनिषाने विचारलं.

"ती बोलते, बाईला सांग चित्र उलटा कर. पोट बघितल्याबिगर नर का मादी कसा सांगनार? आनि नुसता खेकडा नसतोय बाई. शेतातला मुठा येगळा, खाडीतली चिंबोरी येगळी. तुमी इचारताय तरी कोनता?"

मनिषाच्या हातातला पेन तसाच राहिला. पोरीला उत्तर येत नव्हतं असं नव्हतंच. तिला प्रश्नापेक्षा जास्त येत होतं. आणि बाई लिहीत होत्या, प्रतिसाद नाही. मनिषाला त्या क्षणी स्वतःची अशी लाज वाटली की ती उठून बाहेर गेली आणि नळावर तोंड धुऊन आली.

दुसऱ्या दिवसापासून तिने बुधीला रोज एक तास पहिलीच्या वर्गात बसवलं. आधी बुधी आपल्या बोलीत सांगणार, मग मनिषा मराठीत, मग पोरं दोन्हींत. सहा आठवड्यांत शकू बोलायला लागली. बोलायला म्हणजे काय, भांडायला लागली. "बाई, हा माझी पाटी घेतो," असं पहिलं मराठी वाक्य तिने सणसणीत ओरडून सांगितलं, तेव्हा मनिषाला पेढे वाटावेसे वाटले.

पण त्या सहा आठवड्यांत खिचडी दोनदा करपली. मुख्याध्यापक काशिराम सरांनी बजावलं, "घरत मॅडम, खिचडीवालीला वर्गात बसवायचा नियम नाही. एक तर डाव धरायला सांगा नाहीतर खडू." आणि दुसरं म्हणजे दिवाळी तोंडावर आली होती. भाऊबीज झाली की वाडीत मुकादमाचा ट्रक येतो आणि अर्धी वाडी वीटभट्टीवर जाते. बुधीचा नवरा सुदाम जाणार, म्हणजे बुधीही जाणार. खिचडीच्या तुटपुंज्या मानधनावर वाडीत एकटी कशी राहणार? बुधी गेली की पहिलीचा वर्ग पुन्हा मुका. तिला शाळेत भाषा-सहायक म्हणून रीतसर नेमता आलं तर ती राहील, आणि त्यासाठीच हा निधी. अर्जाच्या चौथ्या पानावर मनिषाने तिचं पूर्ण नाव ठसठशीत लिहिलं होतं. आणि आता, सबब.

मनिषा गप्प बसणारी नव्हती. तिने त्याच दिवशी उलट पत्र धाडलं : नोंद चुकीची आहे, या आणि स्वतः पाहा. काशिराम सरांनी कपाळाला हात लावला. "कशाला हात दाखवून अवलक्षण? नोंद चुकली म्हणून आपणच लिहून द्यायचं? उद्या चौकशी लागली तर? माझ्या निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत हो."

"सर, चौकशी माझी होईल."

"आणि शिक्का कोणाचा आहे त्यावर?" सर म्हणाले.

आठवड्याने निधीच्या मिताली मॅडम गाडी घेऊन आल्या. पंचविशीतली, चुणचुणीत मुलगी, बोलायला गोड, मनाने वाईट मुळीच नाही. मनिषाने पालकांना वर्गात बोलावलं होतं. मनात म्हणत होती, आता होऊ दे दूध का दूध. मितालीने लॅपटॉप उघडला आणि हसून विचारलं, "मला फक्त एकच सांगा. तुमची मातृभाषा कोणती?"

वाडीतला जाणता माणूस म्हणजे चांगो. तो उभा राहिला, टोपी काढली, हात जोडले आणि म्हणाला, "मराठी."

मनिषाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पण चांगोच्या मागून भामा उठली, "मराठी." मग तिची जाऊ, "मराठी." हजेरी घेतल्यासारखे एकेक जण उठत होते आणि मान खाली घालून तोच शब्द सांगून बसत होते. मितालीची बोटं टकटक चालत होती.

बुधी चुलीपासून धावत आली. दारातूनच ती आपल्या बोलीत चांगोवर अशी बरसली की चांगो भिंतीकडे बघायला लागला. मिताली कौतुकाने ऐकत राहिली. "किती गोड बोली आहे! पण मॅडम, बोली तर दर बारा कोसांवर बदलते. नोंदीत मराठी, पालक स्वतःही मराठीच म्हणतायत. मी समितीला सांगू काय? फार तर सोमवारपर्यंत पालकांची लेखी निवेदनं द्या. नमुना मी पाठवते. त्यानंतर मात्र फाइल बंद."

गाडीचा धुरळा खाली बसायच्या आत मनिषाने चांगोला गाठलं. तिचा आवाज चढला होता. "चांगोबा, असं का केलंत? तुमच्या पोरांसाठी जीव तोडून राबते मी, आणि तुम्ही खुशाल मराठी म्हणून मोकळे?"

चांगोने टोपी डोक्यावर घातली. तो रागावला नव्हता, हेच वाईट होतं.

"बाई, तुमीच सांगितलंत ना. माझा सुभाष पयलीत व्हता तवा. याच वर्गात मीटिंग घेतलीत. बोललात, घरात ती भाषा बोलू नका, पोरांचं डोकं बिघडतं, मराठीच बोला. आमी बोलत गेलो, येईल तशी. सुभाषशी तर मी बोलायचाच बंद झालो. मना मराठी येत नव्हती, आनि त्याच्याशी आपलं बोलायचं नाय ठरलं व्हतं. आता ही कागदवाली बाई आली. तिच्याम्होरं कसं सांगू, आमी अजून तेच बोलतो म्हनून? पोरांना शाळेतनं काढलं म्हंजे?"

सुभाष. मनिषाच्या अगदी पहिल्या वर्गातला. चौथीत शाळा सोडली त्याने. आता रोडपालीला इमारतीच्या कामावर विटा उचलतो. ती मीटिंगही तिला आठवली. नवी साडी नेसून आली होती, फळ्यावर 'घरी मराठी बोला' असं लिहिलं होतं, खाली वेलबुट्टीही काढली होती. ती ओट्यावरच बसली. आता रडून तरी काय करणार? पण रडू आलंच.

"माजा चुकला," ती म्हणाली. कित्येक वर्षांत शाळेच्या आवारात तिच्या तोंडून तिची घरची बोली बाहेर पडली नव्हती. "चांगोबा, माजा लय चुकला."

बुधीने पदर खोचला. "झालं ना? चुकलं ना? मग सोमवारपातूर काय करायचं ते बोला. रडायला भट्टी हायच."

रविवारी सकाळी सगळे शाळेच्या ओट्यावर जमले. मितालीचा छापील नमुना मनिषाने वाचून दाखवला : 'मी खाली सही करणार लिहून देतो की, माझी मातृभाषा मराठी नसून...'

"थांबा," बुधी म्हणाली. "आमची भाषा येगळी हाय, ते आमी मराठीत लिहून द्यायचं? म्हंजे मुक्या मानसानं ओरडून सांगायचं, मी मुका हाय!"

भामा फिसकन हसली. मग चांगो हसला. मनिषाने तो नमुना हातात धरला, एकदा खालून वरपर्यंत बघितला आणि मधोमध टराटरा फाडला. "बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. "तुम्ही तुमच्या बोलीत सांगा. मी जसंच्या तसं लिहिते."

म्हणणं सोपं होतं. पहिल्याच वाक्याला तिची दांडी उडाली. तिने ऐकलं एक, लिहिलं भलतंच. तिने वाचून दाखवलं की पोरं पोट धरधरून हसायची. बुधी म्हणायची, "परत बोल बाई." मनिषा परत बोलायची. "तसा नाय. जीभ वर ने." शकू तर पुढ्यातच येऊन बसली होती आणि बाई चुकल्या की मान हलवून "च्!" करायची. अकरा वर्षांच्या नोकरीत मनिषाला कोणी अशी मास्तरकी दाखवली नव्हती. तिला घाम फुटला. तरी ती उठली नाही. पोरं रोज असा घाम गाळतात, आपण एक दिवस गाळला तर मरणार नाही, असं स्वतःला ठणकावून ती लिहीत राहिली.

कोणी भाषेबद्दल बोललंच नाही. भामाने मुठे कसे धरायचे ते सांगितलं, हात कुठून घालायचा आणि चावला तर काय करायचं. तिच्या जावेने पोरं रडली की काय म्हणते ते सांगितलं. सुदामने भट्टीवरच्या थंडीबद्दल सांगितलं. चांगो सगळ्यांत शेवटी बसला. तो सुभाषबद्दल बोलत होता एवढंच मनिषाला कळलं. अर्धं समजलं, अर्धं नाही. तिने बुधीकडे बघितलं, तर बुधी म्हणाली, "लिही तू. ते तुला सांगायचं नाय, सुभाषला सांगायचं हाय." एकोणीस पानं झाली. प्रत्येकावर सही नाहीतर अंगठा.

विसावं पान मनिषाने स्वतःचं लिहिलं, मराठीत. 'गेली अकरा वर्षं या शाळेतल्या मुलांची मातृभाषा मी चुकीची नोंदवली. मला कोणी तसं सांगितलं नव्हतं. मी विचारलंच नाही. नोंद दुरुस्त करण्याचा अर्ज मी आज वेगळा देत आहे. जबाबदारी माझी.' खाली नाव, सही, तारीख.

सोमवारी काशिराम सरांनी ती पानं चाळली. "घरत मॅडम, यातलं मला एक अक्षर कळत नाही. न कळलेल्या कागदावर मी शिक्का कसा मारू?"

"सर, माझ्या अकरा वर्षांच्या नोंदींवर मारलात की. त्या तरी कुठे वाचल्या होत्या?"

सरांचा चेहरा लाल झाला. "मॅडम, तोंड सांभाळून. चौकशी लागली तर नोकरीवर येईल."

"येऊ दे. या पोरांना वर्षानुवर्षं गप्प बसवलं त्याची चौकशी कोणी केली नाय. माझी झाली तर झाली. नाय भीत मी." पुन्हा 'नाय' आलं, आणि या वेळी तिने ते मुद्दामच गिळलं नाही. "पहिलं नाव माझं टाका."

सरांनी खण उघडला, शिक्का आणि शाईचं पॅड टेबलावर ठेवलं आणि उठले. "मी जरा पाण्याची टाकी बघून येतो," ते म्हणाले. "गळतेय म्हणे." टाकी ठणठणीत होती. मनिषाने वीसच्या वीस पानांवर शिक्के मारले, आणि असे दणदणीत मारले की टाकीपाशी ऐकू जावेत.

बुधवारी पहिलीच्या वर्गात बुधीचा तास चालू असताना मितालीचा फोन आला. मनिषाने तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"मॅडम, हे काय पाठवलंय तुम्ही?" मिताली वैतागली होती. "एकोणीस पानं, आणि मला त्यातलं काही म्हणजे काही कळत नाही! अक्षरं वाचता येतात, अर्थ लागत नाही. आमच्या ऑफिसात कोणालाच लागत नाही. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं मलाच काहीतरी झालंय. डोकं दुखायला लागलं माझं."

"किती वेळ वाचत होतात?" मनिषाने विचारलं.

"तासभर."

"आमची पहिलीची पोरं असं पाच तास बसतात. रोज. आणि वर आम्ही लिहितो, प्रतिसाद नाही."

मिताली जरा खालच्या आवाजात म्हणाली, "ते ठीक आहे. पण समितीला हे समजावून कोण सांगणार? वाचून दाखवणारं कोणीतरी पाहिजे."

"अर्जाच्या चौथ्या पानावर नाव आहे तिचं. तिच्याच नेमणुकीसाठी तुमच्याकडे निधी मागितलाय. इथेच आहे, बोला." मनिषाने फोन बुधीपुढे सरकवला.

बुधीने खडू खाली ठेवला, हात लुगड्याला पुसले आणि फोनवर वाकून आपल्या बोलीत बोलायला सुरुवात केली. चांगोचं पान तिला तोंडपाठ होतं. ती ते सांगत होती, न थांबता, न अडखळता, आणि पोरं कान देऊन ऐकत होती. शकूने मांडीवर हात ठेवले होते.

"थांबा, थांबा," मिताली म्हणाली. "मॅडम, त्यांना जरा सावकाश सांगायला सांगा ना प्लीज. मला काहीच कळत नाहीये. मी काय करू?"

बुधी फोनकडे बघून एका दमात काहीतरी बोलली. अख्खा वर्ग खदखदून हसला, बाकं हलली.

"काय म्हणाल्या त्या?"

"म्हणाली, पहिलीत नाव घाल," मनिषाने सांगितलं. "दोन महिन्यांत बोलायला लागशील. शकूच्या शेजारी जागा आहे."

फोनमधून कागद चाळल्याचा आवाज आला. मग मिताली म्हणाली, "सोमवारी शाळा किती वाजता भरते?"